रामनवमीला न झालेली सभा

आमच्या भागात सभेचं पुस्तक मोटरसायकलवरून फिरतं. पतसंस्था असो, पाणीवापर संस्था असो की शाळेची समिती, सभा झाली असं ठरतं, कोणीतरी इतिवृत्त लिहून काढतं आणि मग ते लाल कापडी पुठ्ठ्याचं जाड पुस्तक डिक्कीत घालून एकजण घरोघरी सह्या गोळा करत जातो. एखादा सदस्य गोठ्यात असतो, तो हात धोतराला पुसून सही करतो. एखादा जेवत असतो, तो ताटावरून उठून हात धुऊन येतो, सही करतो आणि पुन्हा भाकरीला बसतो. काय लिहिलंय ते वाचायची पद्धत नाही. वाचलं तर पुस्तक आणणाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. 'हजर' या शब्दाखाली सही पडली की तो माणूस हजर होता.

मी आयुष्यभर पुण्यातल्या एका व्यवस्थापन संस्थेत शिकवलं. विषय स्ट्रॅटेजी, म्हणजे कंपनीने कुठे झुंजायचं, कुठे नाही, आणि का. संशोधन कंपन्यांच्या कारभारावर: संचालक मंडळं कशी चालतात, मालकाला अडवणारा कोणी तिथे असतो का. ज्या निबंधामुळे माझं नाव झालं त्याचा गाभा एका ओळीचा आहे. ज्या कंपन्यांचे संचालक सभांना नियमित हजर असतात त्या कंपन्या जास्त जबाबदारीने चालतात. ही हजेरी मी वार्षिक अहवालांतून घेतली. अहवालांत ती सभेच्या पुस्तकांतून आली होती. पुस्तक कसं फिरतं हे मला दहाव्या वर्षापासून माहीत होतं, कारण माझे वडील गावच्या सोसायटीच्या पंचकमिटीवर होते आणि ते लाल पुस्तक महिन्यातून एकदा आमच्या ओट्यावर येत असे. मोठ्या शहरांतल्या काचेच्या इमारतींत असं होत नसणार, असं मी धरून चाललो. परिषदांमध्ये विद्वान मंडळींनी माझ्या गणितावर तासन्‌तास वाद घातला. त्या खुर्चीत माणूस खरोखर बसला होता का, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

पण हे लिहायला बसलो ते त्या निबंधासाठी नाही. निबंध खोटा ठरला तर एक निबंध कमी होईल, जगाचं काही अडणार नाही. एका माणसाचं नाव माझ्या सहीमुळे खराब झालं आणि नंतर माझ्या लेखणीमुळे ते खराबच राहिलं. तो माणूस मंगरूळपीरला राहतो, जिवंत आहे, आणि त्याचं नाव स्वच्छ करायचं काम माझं आहे. ते मी फार उशिरा केलं. कसं केलं तेही सांगतो, कारण त्यातही मी फार मोठेपणा दाखवला असं कोणाला वाटायला नको.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना गावाहून माझ्या वर्गमित्राचा फोन आला. आमचं गाव मंगरूळपीरहून इंझोरीच्या बाजूला, आत. त्याने आजूबाजूच्या शेतकऱ्यांना जमवून शेतकऱ्यांची कंपनी काढली होती. सोयाबीन गोळा करायचं, साफ करायचं, बियाणं म्हणून पिशव्या भरून सभासदांना द्यायचं. तो अध्यक्ष. त्याला मंडळावर एक तज्ज्ञ संचालक हवा होता.

"प्रोफेसर," तो म्हणाला, "दुनियेले शिकवून राह्यला, गावाले कवा शिकवशीन?"

मला बरं वाटलं. गावाला काही देतो आहोत असं वाटलं. शिवाय शेतकऱ्यांच्या कंपनीचा कारभार आतून बघायला मिळणार होता, आणि त्यावर लिहिता येणार होतं. हे दुसरं कारण मी त्याला सांगितलं नाही.

कंपनीचा व्यवस्थापक मंगरूळपीरचा होता. मुसलमान घराण्यातला, पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. वडिलांचं किराण्याचं दुकान दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि गावाबाहेर संत्र्याची थोडी बाग. त्याने तरुणपणी बियाण्यांच्या कंपनीत काम केलं होतं. त्याचं अक्षर इतकं सुरेख होतं की सभेचं पुस्तक तोच लिहीत असे. मी त्याला भाई म्हणत असे, तो मला सर.

मी वर्षातून दोनदा जायचो. पहिल्याच वर्षी मी मंडळापुढे एक आराखडा मांडला. दुसऱ्यांच्या नावाने बियाणं विकण्यापेक्षा कंपनीने स्वतःच्या नावाच्या पिशव्या छापाव्यात, आणि लवकर छापाव्यात, कारण जो पहिला येतो त्याची ओळख बसते. माझ्या वर्गात हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल, मोजदाद नाही. अध्यक्षांना ते फार आवडलं. पिशव्या छापून आल्या. हिरव्या, त्यावर सोयाबीनची शेंग आणि कंपनीचं नाव.

त्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस झाला आणि बराचसा माल भिजला. मार्चमध्ये मी गेलो तेव्हा भाईने मला गोदामाच्या मागच्या खोलीत नेलं. जमिनीवर ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या ओळीने ठेवल्या होत्या. बियाणं उगवेल की नाही हे आमच्याकडे असंच बघतात. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवडाभराने उघडून मोजायचं. सत्तरच्या वर दाण्यांना मोड असले तर ते बी, नाहीतर ते फक्त सोयाबीन.

त्याने एक गुंडाळी माझ्यासमोर उलगडली. कुबट वास आला. आम्ही दोघं खाली बसून मोजू लागलो. चाळिशीच्या पुढे जाता आलं नाही. कितीतरी दाणे नुसते फुगून मऊ पडले होते, बोट लावलं की सुटत होते.

"दुसरी सोडू का, सर?" त्याने विचारलं. "चार वेळा पाह्यलं. चारी अशाच."

"अध्यक्षांना सांगितलं?"

"सांगतलं ना. ते म्हनते पिशव्या छापून पडल्या. म्या म्हनलं, पिशवी उगवनार नाई, साहेब, दाना उगवाले पायजे. हे तेलाले विका. बी म्हनून देऊ नका. लोकं आपल्या नावावर पेरतीन." तो गुंडाळी पुन्हा बांधू लागला. "तुमी बोला. तुमचं ते ऐकते."

मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं, कारण नंतरची वर्षं ते मला आठवत राहिलं. मी म्हणालो, "भाई, हा निर्णय मंडळाचा आहे. व्यवस्थापकाने माहिती द्यायची, निर्णय मंडळाने घ्यायचा." असं मी जन्मभर शिकवत आलो होतो. आणि त्या क्षणी त्या वाक्याचा उपयोग मी जमिनीवरून उठून कपडे झटकण्यासाठी केला.

अध्यक्षांशी मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पुण्याला परत आलो.

रामनवमी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तेव्हा माझ्या घरी कुरियर आलं. आत सभेचं पुस्तक होतं. मोटरसायकल पुण्यापर्यंत येऊ शकत नाही म्हणून ते कुरियरने आलं, एवढाच फरक. एका पानावर कागदाची चिटोरी अडकवलेली, तिच्यावर पेन्सिलने 'इथे' असं लिहिलेलं. अक्षर भाईचं नव्हतं. दुसऱ्याच कोणाचं तरी, गिचमिड.

मी पान वाचलं. न वाचता सही केली असती तर आज निदान तेवढं म्हणता आलं असतं. ठराव तीन ओळींचा होता. बियाण्यांच्या साठवणुकीत हलगर्जीपणा केल्यामुळे आणि कंपनीच्या धोरणाला विरोध केल्यामुळे व्यवस्थापकांना तात्काळ पदमुक्त करण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणून एका संचालकाची सही होती. अनुमोदकाची जागा कोरी होती. चिटोरी तिथेच लावली होती.

सभेची तारीख रामनवमीची होती. त्या दिवशी मी पुण्यात घरी होतो. मी 'हजर' खाली सही केली आणि मग अनुमोदकाच्या कोऱ्या जागेत दुसरी सही केली. त्याच संध्याकाळी पुस्तक परत पाठवलं.

का केली? या प्रश्नाला मी इतकी वर्षं निरनिराळी उत्तरं दिली, सगळी स्वतःलाच. वर्गमित्राला दुखवायचं नव्हतं. एकट्याने अडून काय होणार होतं. खरं कारण याहून क्षुद्र आहे. माझ्या हातात तेव्हा एक नवा लेख होता: शेतकऱ्यांच्या कंपन्यांत तज्ज्ञ संचालक आले की मंडळ कठोर निर्णय घ्यायला शिकतं, असं मला त्यात दाखवायचं होतं. हा ठराव माझ्या लेखाला हवा होता. तो माझ्या दारात कुरियरने चालून आला आणि मी त्याला नाही म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात भाईचा फोन आला.

"सर, मले काढलं."

"हो, कळलं. वाईट वाटलं."

"पुस्तकात ठराव हाये म्हनते. मले दाखवत नाईत. तुमचं नाव हाये म्हनते त्यात." मग म्हणाला, "एकच विचारतो. तुमी होते का सभेले?"

मी म्हणालो, "होतो."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

जूनमध्ये ते बियाणं हिरव्या पिशव्यांतून सभासदांच्या शेतात गेलं आणि बऱ्याच ठिकाणी उगवलं नाही. लोकांना दुसऱ्यांदा पेरावं लागलं. ते चिडून गोदामावर आले तेव्हा अध्यक्षांनी पुस्तक उघडून ठराव वाचून दाखवला. साठवणुकीत हलगर्जीपणा. ज्या माणसाने बी देऊ नका म्हणून सांगितलं, त्यानेच बी खराब केलं असं तालुक्यात पसरलं. बियाण्यांच्या धंद्यात त्याला पुन्हा कोणी ठेवलं नाही.

आणि मी काय केलं? मी त्यावर केस लिहिली. व्यवस्थापन शिकवताना एखाद्या कंपनीची गोष्ट विद्यार्थ्यांपुढे ठेवतात, तिला केस म्हणतात. माणसांची नावं बदललेली, गावाचं नाव नाही. तिच्यात एक खंबीर अध्यक्ष होता, धाडसी आराखडा होता, आणि बदलाला आडवा येणारा एक व्यवस्थापक होता. बी उगवलं नाही हेही मी लिहिलं होतं, साठवणुकीतल्या जुन्या दोषामुळे असं. त्या व्यवस्थापकाबद्दल मी लिहिलेलं एक वाक्य इथे मराठीत देतो, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. 'व्यापारी घराण्यातून आल्यामुळे शेतकऱ्यांच्या हिताशी त्याची बांधिलकी मर्यादित होती.' जो माणूस संत्र्याच्या बागेत वाढला, ज्याने माझ्याशेजारी जमिनीवर बसून दाणे मोजले, त्याच्याबद्दल मी हे लिहिलं. त्याचा धर्म न लिहिता लिहिलं, म्हणजे ते फार सभ्यपणे लिहिलं होतं. केसला पारितोषिक मिळालं. देशभरच्या वर्गांत ती शिकवली जाऊ लागली. मी निवृत्त झालो, मंडळाचा राजीनामा दिला, फुलांचा गुच्छ घेतला आणि सुखाने घरी बसलो.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी एक मुलगी माझ्या पुण्यातल्या घरी आली. आधी फोन केला होता, केसबद्दल बोलायचं आहे एवढंच सांगितलं होतं. अशी मुलं येत असतात. मी चहा ठेवायला सांगितला. ती बसली नाही.

"त्या केसमधला मॅनेजर माझे अब्बा आहेत," ती म्हणाली.

ती अमरावतीला व्यवस्थापन शिकत होती. स्ट्रॅटेजीच्या तासाला माझी केस वाटली गेली. गोणपाट, हिरव्या पिशव्या, तज्ज्ञ संचालक; दुसऱ्या पानावर तिला आपलं घर ओळखू आलं. वर्गात एकामागून एक मुलं उठून सांगत होती की अशा मॅनेजरला आधीच काढायला हवं होतं. तिने हात वर करून सांगितलं की हे असं घडलेलं नाही. तिच्या प्राध्यापकांनी तिला खाली बसवलं.

"ते म्हणाले, केसच्या बाहेरची माहिती आणायची नाही. शिक्षकांसाठीच्या टिपणात तसं लिहिलंय." तिने टिपण माझ्यापुढे धरलं. "ते टिपण तुम्ही लिहिलंय, सर."

लिहिलं होतं. चर्चा भरकटू नये म्हणून मी प्रत्येकच टिपणात ते वाक्य घालत असे.

मग तिने पर्समधून घडी घातलेलं पत्र काढलं. तिच्या वडिलांना काढल्याचं पत्र, त्यात सभेची नुसती इंग्रजी तारीख; ती रामनवमी होती हे तिनेच जुनं पंचांग पाहून काढलं होतं. आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्याच वर्षीची पोहरादेवीची रामनवमीची यात्रा, रस्त्याच्या कडेला कंपनीचा फलक लावलेला पाण्याचा मंडप. मंडपात अध्यक्ष डोक्याला रुमाल बांधून ग्लास भरतायत आणि त्यांच्या शेजारी भाई पाण्याचं पिंप तिरपं करतोय. मागे माणसांचा समुद्र.

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळे तिथे होते," ती म्हणाली. "दुपारी अध्यक्षांनी स्वतःच्या डब्यातलं अब्बांना वाढलं. आणि पुस्तकात त्याच दिवशी अब्बांना काढलंय. मला फक्त एवढं सांगा, तुम्ही कुठे होतात?"

मी म्हणालो, "इथे. या घरात."

तिने मान हलवली. तिला ते माहीत होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं. चहा आला तेव्हा ती जिना उतरून गेली होती.

मी केस प्रकाशित करणाऱ्या संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं. सभा झालीच नव्हती, माझी सही खोटी होती, व्यवस्थापकाने बियाण्याबद्दल आधीच सांगितलं होतं आणि ते मला माहीत होतं. केस मागे घ्या आणि का घेतली ते छापा. दीड महिन्याने उत्तर आलं. ते मी इतक्या वेळा वाचलं आहे की ते आता मला पाठ आहे. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं होतं. पुढे म्हटलं होतं की केसमधल्या व्यक्तींची ओळख लपवलेली असल्याने कोणाचंही नुकसान झालेलं नाही, आणि नव्या माहितीमुळे केसच्या शैक्षणिक उद्दिष्टाला बाध येत नाही.

बाध येत नाही. एका माणसाला त्याच्या मुलीसमोर वर्गभर मुलांनी नोकरीवरून काढलं, रोज कुठल्या ना कुठल्या शहरात काढतायत, आणि उद्दिष्टाला बाध येत नाही. मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं नाही. मला राग त्या पत्र लिहिणाऱ्या कारकुनाचा आला नाही. हे असं पत्र सफाईने लिहू शकणारी माणसं मीच घडवली होती. संचालकाने प्रश्न विचारावेत यावर व्याख्यानं देणारे आम्ही सगळे, आणि आम्हाला कोणी प्रश्न विचारला की आमच्याकडे टिपण असतं.

शेवटी मी मंगरूळपीरला गेलो. बसस्टँडपासून थोड्या अंतरावर भाईचं दुकान आहे. फवारणीचे पंप दुरुस्त करतो. एक पंप उघडून त्याच्या मांडीवर होता. त्याने मला ओळखलं, स्टूल पुढे सरकवलं, आणि काम थांबवलं नाही.

मी जे सांगायचं ते सांगितलं. सही, लेख, केस, प्रकाशकांची पत्रं. माफी मागितली. एका संशोधनाच्या मासिकात छापायला नवं लिहिलेलं पत्र त्याच्या हातात दिलं, इंग्रजी.

त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे कोन वाचनार?"

"अभ्यासक. जगभरचे."

"जग मले कायले पायजे, सर? जगानं मले कुठं पाह्यलं?" त्याने पंपाचा रबरी पडदा बाहेर काढून उजेडात धरला. "मले खोटं ठरवलं ते आपल्या गोदामात. सगळ्याईसमोर पुस्तक वाचून. हे कागद तिकडे छापून इकडे काय फरक पडते?"

"मग काय करू?"

"तुमाले मालूम हाये काय करायचं. तुमी प्रोफेसर हा."

तेवढ्यात एक शेतकरी आला. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून भाईसमोर ठेवली. आत मूठभर सोयाबीन. "पाहून ठेवजो," म्हणाला आणि माझ्याकडे बघून निघून गेला.

"हे काय?" मी विचारलं.

भाई पहिल्यांदा हसला. "मे लागला का सारे आनून देतात. चारचौघात मी बी खराब करनारा. अन् घरचं बी पाह्याले मीच." त्याने मागच्या कोपऱ्याकडे मान केली. तिथे ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. "अध्यक्षसाहेबाचंही हाये त्यात. गड्याच्या हातानं पाठोतात. लाज वाटते त्याईले. माह्या कामाची नाई वाटत."

सप्टेंबरमध्ये कंपनीची वार्षिक सभा होती, त्याच गोदामात. माझी थोडी जमीन गावात आहे, म्हणून मी अजून सभासद आहे. भाईच्या नावावरही सुरुवातीचा एक शेअर तसाच होता. इतक्या वर्षांत तो कधी सभेला गेला नव्हता. त्या दिवशी आला. दाराजवळच्या खुर्चीवर बसला, मुलगी त्याच्या मागे उभी राहिली.

सगळे विषय मंजूर होत गेले. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' आला. मी उभा राहिलो. अध्यक्ष अजून तोच, माझा वर्गमित्र, आता काठी घेऊन चालतो.

"मला एका जुन्या ठरावाबद्दल बोलायचंय," मी म्हणालो.

त्याला कळलं. "अध्यक्षाची परवानगी नाई," तो म्हणाला. "चहा थंडा होऊन राह्यला. उठा."

लोक उठू लागले. मी बसलो नाही. मोठ्याने सांगायला लागलो. भाईंना ज्या सभेत काढलं ती सभा झाली नव्हती. मी त्या दिवशी पुण्यात होतो. पुस्तकात माझ्या दोन सह्या आहेत, दोन्ही खोट्या आहेत. बी चाळिशीच्या वर उगवत नाही हे भाईंनी मार्चमध्ये मला मोजून दाखवलं होतं. त्यांनी अडवलं म्हणून त्यांना काढलं.

अध्यक्ष म्हणाला, "म्हातारपनी मानूस काहीही बोलते. सभा झालती. पुस्तकात हाये."

तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई, सुरुवातीपासूनची सभासद, बसल्या जागेवरून अध्यक्षाला म्हणाली, "कोन्या दिवशी झालती, भाऊसाहेब?"

"रामनवमीला," मी म्हणालो.

"रामनवमीले?" ती वळून बाकीच्यांकडे बघू लागली. "त्या वर्सी तर तुमी पोहरादेवीले पानी वाटून राह्यले होते. म्या तुमच्याच हातचं पेली. दोन गलास. अन् हा भाई पिंप धरून होता बाजूले. मंग सभा काय पिंपात घेतली?"

गोदामात हशा पिकला. मग तो ओसरला आणि कोणीच चहाकडे गेलं नाही. इतकी वर्षं सगळ्यांना यात्रा माहीत होती आणि ठरावही माहीत होता. दोन्ही एकाच दिवशीचे आहेत हे कोणी ताडून पाहिलं नव्हतं, कारण पुस्तकातली तारीख कोणी वाचतच नाही.

अध्यक्ष माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "म्या पाठवलं. तू सही कायले केली? तू तर शिकेल होता."

त्याचं बरोबर होतं. मी म्हणालो, "मला ती सभा हवी होती. तुझ्याइतकीच."

कंपनीची आताची व्यवस्थापक तिशीतली एक बाई आहे. तिने कोणालाही न विचारता पुस्तक उघडलं आणि लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर उभी राहून वाचलं. रामनवमीची सभा झालेली नव्हती, सबब त्या सभेचा ठराव खोटा आहे, बियाण्यांबाबत माजी व्यवस्थापकांचा कोणताही दोष नव्हता, त्यांना चुकीने पदावरून काढण्यात आले होते.

"थांबा, ताई," भाई दारातून म्हणाला. "'चुकीनं' नका लिहू. चूक नाई झाली. अन् 'न बोलावता' घाला. न बोलावता काढलं. मले बोलावलं असतं तर म्या गुंडाळी घेऊन आलो असतो."

तिने 'चुकीने' खोडलं आणि वर 'न बोलावता' लिहिलं. मी पहिली सही केली. मग म्हातारीने अंगठा उठवला. एकेक जण येऊन सही करू लागला.

अध्यक्ष काठी घेऊन उठला. "मी घरी वाचून करतो सही," तो व्यवस्थापक बाईला म्हणाला. "पुस्तक पाठवून देजो संध्याकाळी."

"पुस्तक आज फिरनार नाई," भाई म्हणाला. आवाज चढवला नाही. तो उठून पुढे आला आणि टेबलाच्या बाजूच्या खुर्चीवर बसला. "इथंच करा, साहेब. मी बसतो."

"चष्मा घरी राह्यला माहा."

भाईने स्वतःचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि त्याच्यापुढे धरला.

अध्यक्षाने तो हातात घेतला. मग डोळ्यांवर चढवला आणि वाकून वाचू लागला. बोट ठेवून, एकेक ओळ. मी त्याला कुठलाही ठराव वाचताना पहिल्यांदाच पाहत होतो. सही केली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि आम्ही सगळे तिथे होतो.